वामनाचं पथ्य

हरतालिकेच्या दिवशी सकाळी आमच्या वामनानं कोबीच्या पानाकडे पाठ फिरवली आणि अप्पा म्हणाले, "सूनबाई, सशानं हरतालिका धरलीय. चांगला नवरा मिळणार त्याला."

घरातले सगळे हसले. मी नाही हसले. एक तर मला निर्जळी उपास होता, आणि उपासाच्या दिवशी मला दुसऱ्यांचे विनोद पचत नाहीत. दुसरं म्हणजे वामनाच्या खोक्यातला कागद कोरा करकरीत होता. एरवी सकाळी त्या कागदावर मिरे सांडल्यासारख्या लेंड्या पडलेल्या असायच्या आणि मी नाक मुरडत कागद बदलायचे. आज एकही नाही.

वामन म्हणजे आमचा ससा. जेमतेम दोन महिन्यांचा, पांढरा, एक कान राखाडी. माझ्या ऑफिसातली मैत्रीण कमळ मुलुंडला राहते, तिच्या सशिणीला पिल्लं झाली. त्यातलं एक मी श्रावणात डब्याच्या पिशवीतून मालाडला घेऊन आले. स्वयंपाकघरात सोडल्याबरोबर त्यानं तीन उड्यांत ओट्यापासून देवघरापर्यंत जागा व्यापली. म्हणून वामन.

"देवाचं नाव जनावराला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. 'तुझं ते', 'ते जनावर', फार तर 'ते लांबकान्या'. माझ्या सासूबाई, जयंतीबाई, म्हणजे कडक सोवळं-ओवळं, कडक चहा आणि कडक शिस्त. मी त्यांना आई म्हणते, त्या मला माणिक म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता, "गणपतीपर्यंत ठेव हौस म्हणून. दीड दिवसांनी बाप्पा गेले की तुझं तेही मुलुंडला परत."

मी बरं म्हटलं. काय करणार? माझं माहेर केळव्याचं. तिथे गोठ्यात गाई, अंगणात कुत्री, माळ्यावर मांजरं. लग्न होऊन मालाडच्या दुसऱ्या मजल्यावर आले तर इथे भिंती, भांडी, पडदे, सगळं आधीच जागच्या जागी बसलेलं. दोन वर्षांत या घरात माझ्या मनानं आलेली वस्तू एकच होती आणि ती कान हलवत होती. मला तो घरात हवाच होता. गणपतीपर्यंत आईंचं मन वळवीन, असा माझा बेत होता. आणि नेमका गणपतीच्या आदल्या दिवशी हा खोक्याच्या कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला.

मी त्याला उचललं. पोट घट्ट लागलं, कच्च्या पेरूसारखं. आणि दात हलके हलके करकरत होते.

"अहो, चला. डॉक्टरकडे," मी विद्याधरला म्हटलं. विद्याधर म्हणजे माझा नवरा. आमचं लग्न ऑफिसात जमलेलं, त्यामुळे बाहेर 'अरे-तुरे', घरात आईंसमोर 'अहो'.

"हरतालिकेची पूजा टाकून?" आई म्हणाल्या. पाटावर पत्री मांडून ठेवलेली, वाळूची पिंड निम्मी झालेली.

"पिंड माझ्यासाठी थांबेल. हा थांबायचा नाही."

मला वाटलं, आता वाट लागली. आई आत गेल्या आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणून माझ्या अंगावर टाकला. "घाल बास्केटीत. बास्केट खराब करेल ते." बास्केट प्लॅस्टिकची होती, ती कशानंही खराब झाली नसती, पण तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही.

सशाचा डॉक्टर त्या काळी आमच्या बाजूला कुठून मिळणार? कांदिवलीच्या तबेल्यांपाशी अंबादास डॉक्टर म्हणून होते, ते म्हशींचे. भलाथोरला माणूस, आवाजही तसाच. त्यांनी वामनाला तळहातावर घेतलं आणि तो तळहात भरलासुद्धा नाही.

"बाई, मी म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस," ते म्हणाले. "पण पोट ते पोट. बघू या."

नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. विद्याधर उगीचच माझ्या पिशवीचा बंद पिळत होता.

"गुडगुड नाही. गिरणी बंद आहे याची. खातो काय हा?"

"कोबी आणि गाजर," मी ताठ मानेनं सांगितलं. "मी स्वतः धुऊन देते."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

डॉक्टरांनी वामनाची हनुवटी बोटानं वर केली. तिथल्या पांढऱ्या केसांत एक पिवळं शीत वाळून चिकटलं होतं. त्यांनी ते नखानं काढलं, हुंगलं आणि माझ्या नाकापुढे धरलं.

"हे काय?"

मीही हुंगलं. हिंग, मेथी, साजूक तूप. चूक होणं शक्यच नव्हतं. "मेतकूट-भात," मी म्हटलं आणि माझे कान गरम झाले.

"सशाला मेतकूट-भात! वर तूप!" डॉक्टर इतके मोठ्यानं हसले की बाहेर म्हैस हंबरली. मग एकदम गंभीर झाले. "बाई, गवत खाणारं जनावर आहे हे. गवतावर पोट चालतं याचं. गवत बंद, पोट बंद. भात, दूध, गोडधोड, सगळं आत लगदा होऊन बसलंय. आणि नुसत्या कोबीनं वारा धरतो. गाजर म्हणजे याचा पेढा. गवत कुठंय?"

माझी ताठ मान खाली आली. चित्रातल्या सशाच्या हातात गाजरच असतं हो, मी तेवढ्यावर विसंबले होते. केळव्याची, जनावरांतली म्हणून मिरवत होते वर.

"आता ऐका. थोडं थोडं पाणी पाजा. पोट हलक्या हातानं चोळा. उबेत ठेवा, पण मधूनमधून चालवा. आणि गवत. कोवळं, ताजं. कोंबायचं नाही, त्याचं त्यानं खाल्लं पाहिजे. उद्या सकाळी लेंडी पडली की ससा तुमचा. नाही पडली तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि म्हशींच्या गवतातली मूठभर काढून पिशवीत घातली. "पाण्यातून पाजायचं औषध देतो. बाकी तुमच्या हातात."

रिक्षात बसल्यावर विद्याधर खोकला. मी त्याच्याकडे बघितलं.

"ग्लुकोजचं बिस्किट," तो म्हणाला. "रोज अर्धं. यार, तो मागच्या पायांवर उभा राहायचा ना."

"आणि मेतकूट?"

"शप्पथ, मेतकूट मी नाही!"

घरी पोचल्याबरोबर मी चपला काढायच्या आधी कोर्ट भरवलं. पोटात अन्न नव्हतं, पाणी नव्हतं, त्यामुळे आवाज भलताच चढला होता. अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणाले की त्यांनी फक्त खारी दिली, चहात बुडवून, तीही टोकाचीच. रोज. हो, दोन्ही वेळच्या चहाला. मेतकूट त्यांना माहीत नाही. आई पिंडीवर बेल वाहत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी ओलं झालेलं लुगड्याचं फडकं वाळत घालायला गॅलरीत गेले. आमची गॅलरी म्हणजे देवघराची शाखाच. तिथे डालड्याच्या चार डब्यांत आईंच्या दूर्वा. बाजारातल्या दूर्वा कुठे उगवतात, कोण तुडवतं, कुत्रं काय करून जातं, देवाला माहीत, म्हणून आई वर्षभर घरी वाढवायच्या आणि गणपतीच्या सकाळी आंघोळ करून खुडायच्या. त्या डब्यांना घरात कुणी हात लावायचा नाही, दिवेलागणीनंतर तर खुद्द आईसुद्धा लावायच्या नाहीत. झाडं झोपतात म्हणे.

त्या डब्यांच्या मागे एक चांदीची वाटी होती. मी वाकून उचलली. काठावर विद्याधरचं नाव कोरलेलं. त्याच्या उष्टावणाची वाटी. ती आईंच्या कपाटात मखमली पिशवीत असायची, आमच्या मुलासाठी राखलेली. वाटीच्या तळाला पिवळी शितं वाळली होती.

मी वाटी घेऊन दाराशी उभी राहिले.

"मग काय करू?" आई उसळल्या. "तू जातेस सकाळी कोबी टाकून. दिवसभर ते माझ्या पायात. मी निजले की उशाशी येऊन बसतं. एकटंच आपलं कोबी कुरतडतंय, आईविना पोर! थोडा दूधभात घातला तर काय बिघडलं? परवापासनं मलूल दिसायला लागलं, तेव्हा दूध बंद केलं हो मी. पथ्याला घातलं. कच्चं बंद, मेतकूट-भात, वर तुपाची धार. विद्याधरचं पोट बिघडलं की हेच दिलं मी. तो मेला का?"

"आई, मी माणूस आहे," विद्याधर म्हणाला.

"गप्प बस!"

आणि एकदम त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मीच घात केला का गं त्याचा?"

मला इतका राग आला होता, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की दोन्ही कुठे ठेवू कळेना. महिनाभर 'ते जनावर, ते जनावर' करणाऱ्या बाईनं माझ्या सशाला नातवाच्या वाटीतून भरवलं होतं! मी वाटी त्यांच्या हातात दिली. "घात कुणी केला ते नंतर भांडू. आधी त्याला गवत खायला लावू या."

मग घरात जी धावपळ उडाली तशी आमच्या लग्नातही उडाली नव्हती. अप्पांनी कानाच्या औषधाचा नवा ड्रॉपर उकळून दिला. मी थेंब थेंब पाणी पाजलं. आईंनी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळली. विद्याधरनं गुडघ्यांवर रांगत वामनाला हॉलभर चालवलं, म्हणजे वामन दोन पावलं टाकायचा आणि विद्याधर दहा. तबेल्याचं गवत पुढे धरलं. वामनानं हुंगलं आणि डोळे मिटून घेतले. बिल्डिंगमागच्या मैदानात हिरवंगार गवत होतं, पण मांडवासाठी आदल्या दिवशीच तिथे डासांची पावडर मारलेली. विद्याधर बाजारात धावला, दूर्वांच्या जुड्या घेऊन आला. ओल्या गोणपाटात दाबलेल्या त्या, आंबूस वासाच्या. वामनानं तोंड फिरवलं. पोट अजून तसंच घट्ट.

उन्हं उतरायला लागली. अप्पांनी गॅलरीकडे बघितलं. विद्याधरनं बघितलं. मी तर मघापासून तिकडेच बघत होते.

"आई..."

"बोलू नकोस."

"मी अजून काही बोललेच नाही."

"तेच बोलू नकोस. बाप्पाच्या आहेत त्या. बाप्पाच्या आधी कुणाला नाही. माझ्या सासूबाईंपासूनचा नेम आहे."

माझी जीभ नको तेव्हा चालते. "दूधभात घालताना कुठे विचारलं होतंत बाप्पाला?" असं मी बोलून गेले. अप्पांनी जीभ चावली. आईंच्या नाकपुड्या फुलल्या. आता मुलुंड आजच, असं मला वाटलं.

तेवढ्यात अप्पा हळूच म्हणाले, "जयंती, दिवे लागायची वेळ होत आली. मग तूच हात लावायची नाहीस."

आई वामनाकडे बघत राहिल्या. तो विद्याधरच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून बसला होता, राखाडी कान पडलेला. मग त्या उठल्या. मोरीत जाऊन हातपाय धुतले. गॅलरीत डब्यांना हात जोडले, पुटपुटल्या. बाप्पाशी काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. आणि खुडायला लागल्या. कोवळ्या, तीन पानांच्या, देवाला निवडतात तशाच निवडून. मला ओरडावंसं वाटत होतं की आई, निवडू नका, उपटा!

गुडघ्यांचं दुखणं विसरून त्या जमिनीवर बसल्या. एक दूर्वा वामनाच्या नाकापुढे धरली.

"वामना," त्या म्हणाल्या, "घे रे बाळा."

नाव घेतलं! विद्याधरनं मला कोपर मारलं. वामनाचं नाक हललं. थांबलं. परत हललं. मिशा पुढे आल्या. आम्ही चौघं त्या एवढ्याशा नाकावर असे वाकलो होतो की त्याला वाराही मिळत नसेल. आणि त्यानं दूर्वेचं टोक ओठांत धरलं. कुर्र. कुर्र. दूर्वा सुईतल्या दोऱ्यासारखी आत सरकत गेली आणि संपली.

"झकास!" विद्याधर ओरडला. अप्पांनी टाळी वाजवली.

"ओरडू नका, घाबरेल तो!" आई सगळ्यांत मोठ्यानं ओरडल्या आणि दुसरी दूर्वा पुढे केली.

दिवे लागेपर्यंत आई खुडत गेल्या, वामन थांबत, हुंगत, खात गेला. रात्री हरतालिकेचं जागरण तर करायचंच होतं, ते आम्ही त्याचं पोट चोळत केलं. फुगड्या काही झाल्या नाहीत.

पण सकाळी कागद कोराच.

मी परत परत खोकं उचलून बघत होते. डॉक्टरांचं अर्धं सोडलेलं वाक्य कानात घुमत होतं. अप्पा आणि विद्याधर मूर्ती आणायला गेले. आई सोवळ्यात, रेशमी लुगडं नेसून मोदक वळत होत्या. त्यांनी कशालाही शिवायचं नव्हतं, म्हणून तिथूनच विचारायच्या.

"काही?"

"नाही."

मोदकाची एक कळी कमी-जास्त व्हायची नाही त्यांची. त्या दिवशी बोडका झाला एकेक.

"काही?"

"नाही हो, आई."

"त्याला खाली सोड. चालव."

मी सोडलं. तो कॉटखाली गेला आणि दिसेनासा झाला. तेवढ्यात जिन्यात झांजा वाजल्या. मोरया, मोरया! आई पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन दारात गेल्या. दारात अप्पा, डोक्यावर टोपी, हातात पाट, पाटावर रुमालाखाली बाप्पा. मागे झांजा बडवणारा विद्याधर आणि जिनाभर शेजारी. आईंनी भाकरतुकडा ओवाळायला हात उचलला.

आणि कॉटखालून वामन निघाला. एक उडी. दुसरी उडी. तिसऱ्या उडीला थेट उंबऱ्याशी काढलेल्या रांगोळीजवळ. तिथे तो बसला, जरा विचारात पडल्यासारखा, आणि शेपटी हलली.

"पडली!" आई किंचाळल्या. "अगं माणिक, पडली! पडली!"

अप्पांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी पाट छातीशी आवळला. "काय पडलं? मूर्तीचं काय पडलं?"

"मूर्तीचं नाही हो, वामनाची! लेंडी! ही बघा, आणखी एक! आणखी!"

विद्याधरनं झांज अशी वाजवली की ती उलटी झाली. शेजाऱ्यांना कशाचं काय कळलं नव्हतं, पण एवढा आनंद बघून त्यांनी परत "मोरया" केलं. आणि आईंनी तांब्या खाली ठेवून, सोवळ्यातच, रेशमी लुगड्यातच वामनाला उचलून गालाशी धरलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"आई, सोवळं!"

"मग पुन्हा आंघोळ करीन. एवढं काय?" मग बाप्पाकडे वळून म्हणाल्या, "दोन मिनिटं थांब रे."

बाप्पा थांबले. अप्पांचे हात भरून आले, पण तेही थांबले. मी तेवढ्यात उंबरा पुसून घेतला. त्या वर्षी आमच्या बाप्पाला विद्याधरनं आणलेल्या बाजारच्या दूर्वा वाहिल्या, आईंनी सात पाण्यांनी धुतलेल्या. घरच्या डब्यांत वाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वामन दुपारी तबेल्याचं गवत खायला लागला, आणि मी प्रत्येक लेंडीला आईंना हाक मारत होते.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. रिकामा पाट घेऊन परत आलो की घर कसं ओकंओकं वाटतं. त्यात मला मुलुंड आठवत होतं. मी वामनाला मांडीवर घेऊन बसले. मी विषय काढणार नव्हते. आई गॅलरीत उभ्या होत्या, चार बोडक्या डब्यांपुढे.

"माणिक," त्यांनी हाक मारली.

"ओ."

"तुझ्या त्या मुलुंडच्या मैत्रिणीला उद्या ऑफिसात सांगून टाक."

मी वामनाला घट्ट धरलं. "काय सांगू?"

"वाट बघू नकोस म्हणावं. आणि घरी येताना डालड्याचे दोन रिकामे डबे घेऊन ये. मोठे बघ. या चारांत बाप्पाचं आणि वामनाचं भागायचं नाही."